निवडुंगचोराचे लाल डोळे

"निवडुंगाला पाय नसतात," सौरभ म्हणाला. "म्हणजे ही चोरी. केस आपली."

एरवी तेजस्विनीने त्याच्या पाठीत धपाटा घातला असता. आज ती वाकून नुसती बघत राहिली. धायरीच्या टेकडीवर, पायवाटेकडेच्या मोठ्या खडकाआड तिच्या गुडघ्याएवढा त्रिधारी निवडुंग होता. आता तिथे बोटभर बुंधा उरला होता. कापल्या जागी पांढरा चीक गोठला होता.

दर रविवारी ती आणि बाबा ही टेकडी चढायचे. "कुंडीतलं कॅक्टस कोणालाही दिसतं," बाबा म्हणायचे, "रानातलं शोधावं लागतं." गेल्या नाताळच्या सुट्टीत हा निवडुंग तिने स्वतः शोधला, तेव्हा बाबा खूश होऊन म्हणाले होते, "पुढच्या नाताळात याला फूल येईल. तेव्हा दाखवतो तुला."

श्रावणात बाबा गेले. दाखवायचं कबूल केलेलं फूल तेवढं मागे राहिलं. त्या फुलासाठी या नाताळात ती सदाशिव पेठेतल्या मामाकडचा मुक्काम अर्धा टाकून आली होती. मामाच्या स्कूटरवरून उतरली ती घरीसुद्धा गेली नाही. मैत्रीण पूर्णिमाच्या ओट्यावर बॅग टाकून, तिला आणि सौरभला घेऊन थेट इथे आली. आणि आता तिला रडूही येत नव्हतं.

पूर्णिमा धायरीचीच, शेतकऱ्याच्या घरातली. ती म्हणाली, "चिकाला हात लावू नकोस. डोळ्यात गेला तर डोळं सुजून लाल हुत्यात. ज्यानं कापला, त्याचं झालं आसनार बघ."

"लाल डोळ्यांचा माणूस ना? सोपंय," सौरभ म्हणाला. "संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये सिंहगड रोडला उभं राहू. शंभर मिळतील."

पायवाटेच्या दगडांवर चिकाचे वाळलेले थेंब होते. तिघं त्यांच्या मागोमाग उतरली. थेंब पायथ्याच्या रोपवाटिकेपाशी संपले. तिथे रोपवाटिकेवाले मच्छिंद्रमामा कुंड्यांमध्ये कॅक्टस लावत बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांवर काळा गॉगल होता. सौरभने दोघींना कोपराने ढोसलं.

"मामा, एक सेल्फी घेऊ? पण गॉगल काढून हां, कॅमेऱ्यात चमकतोय."

मामांनी केस सारखे करून गॉगल काढला. डोळे अगदी स्वच्छ निघाले. सौरभचा चेहरा पडला.

"काय बघताय टकामका? इथं काय हरवलंय?"

"आमचा निवडुंग," तेजस्विनी म्हणाली. "टेकडीवरचा. कोणीतरी कापून नेला."

मामांनी हातातली कुंडी खाली ठेवली. "परवा एक बाई चालल्या हुत्या फांदी घेऊन. पदरानं सारखं डोळं पुसत. मी म्हनलं, ताई, चीक गेला आसंल, पानी घ्या. तर म्हनल्या, चीक नाही हो, माझे डोळे हल्ली असेच असतात."

सौरभ काहीतरी बोलणार होता. पूर्णिमाने त्याचा हात धरला. तेजस्विनी केव्हाच चालू लागली होती. असे डोळे श्रावणापासून ती रोज सकाळी चहाच्या वेळी बघत होती.

त्यांच्या फ्लॅटच्या चौकटीवर काळ्या दोऱ्याने निवडुंग उलटा टांगलेला होता. शेजारी लिंबू आणि मिरच्या. आईला काय काय सुनवायचं ते वाटभर तिने मनात जुळवलं होतं. मग आईने दार उघडलं. तिच्या पापण्या सुजून टम्म झाल्या होत्या.

"अगं, आज कशी आलीस?"

"आई, हा का आणलास?"

"शेजारच्या मालनबाई म्हणाल्या, घराला दृष्ट लागलीय. टेकडीवरचा निवडुंग दाराला बांधा, म्हणजे मुलीला तरी..." आईने तिचा चेहरा ओंजळीत धरला. "तुला काही होऊ नये गं. शोधताना पहिला दिसला तो कापला."

"तो मी शोधलेला होता. बाबा फूल दाखवणार होते."

आई उंबऱ्यावरच बसली. रविवारी बापलेक टेकडीवर जायचे, तेव्हा ती घरात डबे करत असायची. तो खडक तिला कोणी दाखवलाच नव्हता. तेजस्विनी तिच्या कुशीत शिरली आणि इतके महिने अडलेलं रडू एकदम फुटलं. जिन्यात उभा असलेला सौरभ पूर्णिमामागून हळूच खाली उतरला.

"चीक होता का गं डोळ्यात?" रडू ओसरल्यावर तेजस्विनीने विचारलं.

"असेल. रडणंही होतं. वेगळं कसं सांगू?"

आधी आईचे डोळे डॉक्टरांना दाखवून झाले. मग संध्याकाळी सगळे टेकडीवर गेले. खुरपं घेऊन मच्छिंद्रमामाही आले. फांदी हातात घेऊन ते म्हणाले, "वहिनी, टांगून ठेवलीत ते बेस झालं. चीक सुकलाय. ओली लावली आसती तर कुजली आसती. आन् पोरांनो, शाब्बास. माज्यावरच संशय घेतलात, तरी शाब्बास."

सौरभने मान खाली घातली. जुन्या बुंध्याशेजारी मामांनी खड्डा केला. फांदी आईने लावली, माती तेजस्विनीने दाबली. काळा दोरा तेवढा तिने सोडला नाही. आईने बांधला होता, राहू दे.

"आता फूल कधी येईल?" आईने विचारलं.

या वर्षी येणार नव्हतं, हे तेजस्विनीला ठाऊक होतं. पुढच्या वर्षीही येईलच असं नव्हतं. तिने आईचा हात धरला.

"पुढच्या नाताळात," ती म्हणाली. "तेव्हा दाखवते तुला."