भयांक

त्या काळात माणसं सकाळी दात घासायच्या आधी साथीचा नकाशा बघत. गाव हिरवं असलं तर घरात राहायचं, लाल झालं की बोचकी बांधायची. करंजखोपच्या कुमुदताईंना तर या नकाशाचा भारीच तोरा, कारण तो त्यांच्या निनादच्या साथवेध केंद्रातून निघायचा. गाव हिरवं होतं, म्हणूनच त्यांनी पहिलटकरीण लेकीला, मुग्धाला, माहेरी आणलं होतं आणि आज डोहाळजेवणाचा घाट घातला होता.

बाहेर बायकांची ओटी भरायची गडबड चाललेली. लेकाला कौतुक सांगावं म्हणून कुमुदताईंनी स्वयंपाकघरातून फोन लावला.

"मुग्धा तिथे आहे?" निनादचा आवाज एकदम उतरला. "ती नाशिकला होती ना?"

"परवाच आणली. तुला फोटो पाठवून चकित करणार होते. तुझ्याच नकाशावर गाव हिरवं आहे की."

"आई, गाव हिरवं नाही."

कुमुदताईंनी ओटा धरला. "म्हणजे नकाशा चुकला?"

"चुकला नाही. आम्हीच तसा रंगवला."

मग त्याने सांगितलं ते असं. पूर्वी एक रोगी किती जणांना रोग देतो, तेवढं मोजून अंदाज सांगत. पण अंदाज कळला की लाल गावातली माणसं हिरव्या गावात पळत, रोग बरोबर नेत, आणि अंदाजच खोटा पडे. म्हणून निनादच्या मंडळींनी समीकरणात माणसाची भीतीही घातली. बातमी कळल्यावर गावातली किती माणसं पळतील, तो आकडा म्हणजे भयांक. मग संगणकाला विचारलं, कोणता नकाशा दाखवला तर कमीत कमी माणसं दगावतील? जो नकाशा आला तो खरा नव्हता. ज्या लाल गावाचा भयांक मोठा, ते हिरवं दाखवा, म्हणजे रोग तिथल्या तिथे राहील, असं गणित म्हणत होतं.

"आणि तिथल्या माणसांचं काय?"

"ती हिशोबात धरली आहेत."

"मी पण?"

"तुला किती वेळा म्हटलं, माझ्याकडे राहायला ये."

"कशासाठी ते कुठे सांगितलंस? अरे, गल्लीत दारोदार जाऊन मी सगळ्यांना थांबवलंय. माझा मुलगा सांगतोय, कुठे जाऊ नका म्हणून."

पोटच्या पोराने आपल्याला फसवलं, हे कुमुदताईंच्या डोक्यात शिरेना.

"आई, हा ताप गरोदर बाईला सोडत नाही. मुग्धाला घेऊन आत्ताच्या आत्ता नीघ. कुणाला बोलू नकोस. गावाला कळलं की सगळे गाड्या काढतील, नाके बंद होतील आणि तीही अडकेल."

त्या बाहेर आल्या. फुलांचे दागिने घालून मुग्धा पाटावर बसली होती, हसत होती. शेजारची शालन वाढायला उभी राहिली होती.

"काय म्हणतोय निनाद? हिरवंच ना?"

कुमुदताईंनी मुग्धाच्या पोटाकडे पाहिलं.

"हिरवंच. हिच्या पाठीत जरा कळ येतेय, डॉक्टरांना दाखवून आणते. तुम्ही जेवून घ्या."

"तुझा मुलगा म्हणतोय म्हणजे झालं," शालन म्हणाली. "आमच्या सुनेलाही सातवा लागलाय. उद्या तिला माहेरी धाडणार होते. आता ठेवते इथंच."

कुमुदताई वाकून मुग्धाच्या चपला शोधत होत्या.

"ठेव," त्या म्हणाल्या.