खालच्या फळीवरची वाइन

शनिवारी दुपारी, बाहेर पावसाची भुरभुर चालू असताना, ती आयुष्यात पहिल्यांदा वाइनच्या दुकानात शिरली आणि शिरल्या शिरल्या हरवली.

जावयाला बढती मिळाली होती. दुसऱ्या दिवशी लेक, जावई आणि नात जेवायला यायचे होते आणि लेकीनं फोनवर बजावलं होतं, "आई, या खेपेला सरबतावर भागवू नकोस हं!" म्हणून ही अठ्ठावन्न वर्षांची बाई हातात निथळती छत्री धरून उभी होती आणि समोर जमिनीपासून छतापर्यंत नुसत्या बाटल्या. वरच्या फळ्यांवरच्या तर अशा दिमाखात उभ्या, की जणू तिलाच विचारत होत्या, "आपण कोण?"

ती मागे फिरणार, एवढ्यात फडताळाच्या पलीकडून एक आवाज आला.

"खालच्या फळीवरची ती हिरव्या झाकणाची संपली का हो?"

तिचा पाय जागीच थबकला.

केस जातात, पोट सुटतं, चालणं बदलतं... आवाज मात्र सहसा दगा देत नाही. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! तरुणपणी सहा वर्षं ती एका मोठ्या हॉटेलच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये कामाला होती. कानाला हेडफोन, समोर स्विचबोर्ड, दोन्ही हातांत वायरी. चारशे खोल्यांचे आवाज तिच्या कानावरून गेले होते. त्यातला हा एक... एक्स्टेंशन बारा. तळघर. जिथे हॉटेलची सगळी वाइन ठेवलेली असायची, आणि ती सांभाळणारा एक सडपातळ, बोलघेवडा मुलगा.

ती वळसा घालून पलीकडे गेली. एक गृहस्थ खालच्या फळीपुढे उकिडवे बसले होते. डोक्यावर केस म्हणावेत असे नव्हतेच, चष्मा कपाळावर सरकवलेला. तिला काय वाटलं कोण जाणे! तिनं घसा साफ केला आणि चौतीस वर्षांपूर्वीच्या, मधाळ, कामाच्या आवाजात म्हणाली,

"नमस्कार, एक्सचेंज. कुणाला जोडून देऊ?"

त्याचा हात बाटलीवरच राहिला. त्यानं मान वळवली नाही. तसाच बसून हळूच म्हणाला,

"तळघरातून बोलतोय. एक्सचेंजबाईंशीच बोलायचं होतं. पण लाइन... फार वर्षं बिझी आहे."

"आता मोकळी आहे. उठा!"

"उठलो असतो हो," तो म्हणाला, "पण गुडघा अडकलाय. जरा हात द्या."

तिनं हात दिला. तो उठला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि दोघांना एकदमच हसू फुटलं. दुकानदार गल्ल्यावरून वाकून बघायला लागला, इतकं.

त्या काळी लाइनवर दोघांचं अहोजाहो असायचं, कारण मुख्य ऑपरेटरबाई मधूनच ऐकायच्या. "तळघर, दोनशे सातला पांढरी हवीय." "पाठवतो, एक्सचेंज. तुमचा चहा झाला का?" एवढंच. पण चहा झाला का हे माणूस पन्नास तऱ्हांनी विचारू शकतो, आणि त्यातल्या एकेचाळिसाव्या तऱ्हेला तिच्या कानाची पाळी तापायची. ड्यूटी संपली की नोकरांच्या जिन्यात अगंतुगं व्हायचं. तो दोन पायऱ्या खाली, ती दोन पायऱ्या वर.

मग एक दिवस दुपारी तो चहाच्या कपात दोन घोट लाल वाइन घेऊन एक्सचेंजच्या खोलीत आला. कुण्या बड्या पाहुण्यानं अर्धी सोडलेली बाटली. "हिच्या किमतीत तुझं हे अख्खं बोर्ड येईल," तो म्हणाला. तिनं मोठा घोट घेतला आणि तसाच कचऱ्याच्या टोपलीत थुंकला. "शी! दाढेला औषध लावल्यासारखं आहे हे!" आणि ती हसली. शेजारच्या दोघीही हसल्या. तो पण हसला, कप उचलला, खाली गेला.

आठवड्यानं कळलं, त्यानं बोटीवर नोकरी धरली. जाताना भेटलासुद्धा नाही. तिनं वाट पाहिली... मग पाहायची थांबली. एका सज्जन, मितभाषी माणसाशी तिचं लग्न झालं. तो पाणीपुरवठ्याच्या खात्यात होता. संसार चांगला झाला, त्यात खोट काढायला जागा नव्हती. सहा वर्षांपूर्वी तो गेला. ती इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीतून गेल्याच वर्षी निवृत्त झाली.

"आणि तुझं?" दुकानाच्या दारात छत्री उघडताना तिनं विचारलं. अहोजाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही.

"बोटीवर दहा वर्षं. मग परत त्याच तळघरात. तू तोवर गेली होतीस." त्यानं खांदे उडवले. "लग्न केलं होतं. तीन वर्षं टिकलं. मी घरी असलो की तिला वाटायचं पाहुणा आलाय... तिचंही चुकत नव्हतं."

मग त्यानं तिच्या पिशवीत हिरव्या झाकणाची एक बाटली ठेवली.

"ही? एवढी स्वस्त? जावई आहे रे!"

"जन्मभर महागड्या बाटल्या उघडल्या मी. निम्मे लोक किमतीची चव घेतात. ही तशीच दे. फ्रीजमध्ये वीस मिनिटं ठेव, मग ओतून अर्धा तास तिच्याकडे बघूही नकोस. सोबत काहीतरी खारट. आणि ऐक... भाव विचारला तर हसून दाखव."

रविवारी जावयानं तीनदा पेला पुढे केला आणि भाव विचारला. ती हसली.

ते सांगायला म्हणून तिनं त्याला शुक्रवारी पाच वाजता बोलावलं. आणि मग शुक्रवारचा पायंडा पडूनच गेला.

तो दर वेळी खालच्या फळीवरची नवी बाटली आणायचा. ती पाव, चीज, खारे बदाम मांडायची. खिडकीतून उन्हाची तिरीप टेबलावर यायची आणि तो पेला त्या उन्हात तिरपा धरून दाखवायचा.

"बाटलीवर लिहिलंय, चेरी, तंबाखू आणि चामडं," तो वाचायचा.

"चामडं? बूट प्यायचाय का?"

"मग तूच सांग कशी लागते."

ती डोळे मिटायची. "ही... लांबच्या गावचा कॉल लागल्यावर ओरडून बोलणारी बाई आहे. पहिलं मिनिट नुसताच आरडाओरडा. मग जरा निवांत होते, नि खरं काय ते सांगते."

तो खुर्चीतच मागे रेलला. "चाळीस वर्षांत इतकं खरं कुणी बोललं नाही गं."

"आणि मागच्या शुक्रवारची? ती गोड बोलून फोन मध्येच ठेवणारी होती. आणू नकोस परत."

तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. ज्या तुरटपणानं तेव्हा तिचं तोंड वाकडं झालं होतं, तो आता तिला नकोसा वाटत नव्हता. उलट तो जिभेवर थोडा थांबावा, असंच वाटत होतं. चोविसाव्या वर्षी तिला सगळं गोडच हवं होतं, आणि लगेच हवं होतं... मध्ये किती काय काय गिळावं लागलं. त्यात जीभ कधी बदलली, तिला पत्ताच नव्हता. ती एकटीच हसली.

"काय झालं?"

"काही नाही. ओत अजून थोडी."

पण एक गोष्ट तिनं त्याला सांगितली नव्हती. तो भेटायच्या आधीच तिनं लेकीकडे, दुसऱ्या शहरात, कायमचं राहायला जायचं कबूल केलं होतं. भाड्याचं घर सोडत असल्याचं मालकांना कळवून झालं होतं. लेकीनं खोली रंगवून घेतली होती, नातीनं दारावर आजीचं चित्र चिकटवलं होतं. महिनाभरानं तिनं ते कसंबसं सांगितलं. तो बदाम सोलत बसला होता... खरं म्हणजे सोललेलेच बदाम सोलत होता.

"बरं आहे की," तो म्हणाला. "माणसानं आपल्या माणसांत राहावं."

एवढंच! तिला असा संताप आला, की बशा तिनं जरुरीपेक्षा जास्त जोरात घासल्या.

शेवटचा शुक्रवार उजाडला. घरभर खोकी. पाचाच्या ठोक्याला तो आला तो इस्त्रीचा कोट घालून, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली.

"हॉटेल बंद झालं तेव्हा मालकांनी मला दिलेली," तो म्हणाला. "आपण दोघं तिथं होतो ना, त्या सालची आहे. अकरा वर्षं कपाटात जपलीय. चांगल्या दिवसासाठी."

त्यानं बूच काढायचा स्क्रू लावला. बुचाचा भुगा झाला. त्यानं कसंबसं उरलेलं काढलं, मोजमापाच्या दोन कपांत ओतलं, कारण पेले खोक्यांत गेले होते. रंग विटकरी, मेलेला. त्यानं नाकाशी नेलं आणि त्याचा चेहरा पडला.

तिनं तरीही घोट घेतला. "व्हिनेगर आहे."

"चांगल्या दिवसासाठी ठेवली होती गं..." तो पुटपुटला.

"आणि आज चांगला दिवस आहे? मी जातेय तो?"

खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "वाईट दिवस आहे. फार वाईट."

"मग तसं म्हण ना! 'बरं आहे की' काय म्हणतोस?"

"त्या दिवशी," तो कपाकडे बघत म्हणाला, "त्या वाइनबरोबर मी एक वाक्यही घेऊन आलो होतो. रात्रभर पाठ केलेलं. तू थुंकलीस, हसलीस... मला वाटलं, ह्या पोरीच्या पसंतीला उतरेल असं आपल्याकडे काहीच नाही. वाक्य घेऊन तसाच जिना उतरलो."

"अरे, मी वाइन थुंकले होते! तुला नव्हते!"

"ते कळायला मला बोटीवर दीड वर्ष लागलं. तोवर तुझ्या लग्नाची बातमी आली."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही. काय म्हणावं ह्या माणसाला! ती खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली. गुडघ्याला गुडघा लागला. तिनं आपला मागे घेतला नाही.

"मग म्हण आता ते वाक्य."

"आता?"

"आता. मी ऐकतेय. कुणाला जोडून देणार नाही."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नको जाऊस," तो म्हणाला.

"एवढंच होतं?"

"तेव्हा लांबलचक होतं. त्यात चांदणं-बिंदणं होतं. वयानं काटछाट झाली."

ती हसत हसत रडायला लागली, किंवा रडत रडत हसायला. मग पदर नव्हता म्हणून बाहीनंच डोळे पुसून तिनं विचारलं, "आणि राहायचं कुठं मी? सोमवारी किल्ली द्यायचीय मालकांना."

"माझ्याकडे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. स्वयंपाकघर एवढंसं, दोघं वळली तर धक्का लागतो..." तो थांबला. "खिडकी मात्र पश्चिमेची आहे."

ती उठली. ते जुनं व्हिनेगर मोरीत ओतलं, कप विसळले आणि फ्रीजच्या दारातली मागच्या शुक्रवारची उरलेली बाटली आणली. फिरवायच्या झाकणाची. दोन्ही कप भरले. घोट घेतला. पहिल्यांदा जरा बोचरी लागली, मग उबदार.

"लिफ्ट नाही म्हणजे," ती म्हणाली, "कपाट चढवायला माणसं जास्त सांगावी लागतील."

त्याला हे उत्तर आहे, हे कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं कप खाली ठेवला आणि तिचा हात हातात घेतला. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच... गुडघ्याचं निमित्त नसताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लेकीला फोनवर सांगितलं.

"ते वाइनवाले काका ना?"

"हो."

"मला वाटलंच. शुक्रवारी पाचला तू माझा फोन घेईनाशी झालीस तेव्हाच." मग लेकीचा आवाज ओला झाला. "आई, अगं, मी पडदेसुद्धा लावले होते तुझ्या खोलीत."

"रागावलीस, बाळा?"

"थोडीशी. संध्याकाळपर्यंत राहीन रागावलेली." ती नाक ओढत म्हणाली. "पडदे राहू देत तसेच. भांडलात तर तू एकटी ये. नाही भांडलात तर दोघं या. आणि तुझ्या नातीला तूच समजाव, मला जमायचं नाही."

नातीला समजावायला अर्धा तास लागला. शेवटी सुट्टीत महिनाभर येण्याच्या बोलीवर तह झाला.

सोमवारी ट्रक आला. सामान चढलं, तिनं घरमालकांच्या हातात किल्ली दिली, आणि ड्रायव्हरला नवा पत्ता सांगितला. त्यानं कागद उलटसुलट करून बघितला.

"बाई, हे तर बेकरीच्या मागे. चालत पाच मिनिटं! दुसऱ्या शहराला जायचं म्हणाला होतात ना?"

"बेत बदलला."

ड्रायव्हरनं तिच्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांकडे पाहिलं. इस्त्रीचा कोट, दोन्ही हातांनी छातीशी धरलेली तिची तुळतुळीत पानांची कुंडी, आणि चेहऱ्यावर असं काही हसू, की ड्रायव्हरलाही उगाच हसू आलं.

"पुढे माझ्याशेजारी एकच जागा आहे," तो म्हणाला. "हे साहेब चालत येतील का?"

"छे!" ती म्हणाली. "आम्ही सरकून बसू."

ती आधी चढली, मग कुंडी, मग तो. दार दोनदा आपटावं लागलं. खांद्याला खांदा, मध्ये कुंडीची पानं, काचेवर पावसाचे चुकार थेंब. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, तसा तो कुंडीवरून वाकून त्याला हळूच म्हणाला,

"ऐका हो... जरा लांबच्या रस्त्यानं घ्या."