कोरून काढलेली बाई

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहू द्या. वल्लरी माझी सख्खी मावसबहीण आहे आणि तिला थापा मारताच येत नाहीत.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. दिल्लीच्या मयूर विहारमधला तिचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. भरदुपार, पण बाहेर धुकं.

वल्लरी लाकडाच्या फळीवर चित्र कोरते आणि त्याचे ठसे काढते. मानेसरच्या एका कंपनीने तिला काम दिलं होतं. मालकाच्या पणजोबांचा दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांचा कारखाना होता, त्याचं चित्र लॉबीत लावायचं होतं. सोबत जुना फोटो दिला. मशीनं, गोळ्यांच्या राशी…

आणि एका मशीनपाशी उभी असलेली एक बाई.

फळी कोरून झाली आणि कंपनीतल्या सुधन्वा सरांचा फोन आला.

"मॅडम, ती बाई काढून टाका. तिथे स्फोट झाला होता. एकच दगावली, ती हीच. लॉबीत बिल्कुल नको."

वल्लरीच्या जिवावर आलं. पण एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालेलं. तिने पटाशी घेतली आणि बाई कोरून काढली.

आता यात अवघड काही नाही. उंच राहिलेल्या लाकडाला शाई लागते. कोरलेल्या खड्ड्याला लागत नाही, तिथे कागद पांढरा राहतो.

तिने शाई फिरवली. कागद ठेवला. लाकडी पळीच्या पाठीने घासला. उचलला…

बाई होती.

पदर खोचलेला. नजर समोर.

"अगं बाई गं!" वल्लरीने खड्ड्यात बोट घातलं. कोरडं ठक्क.

तिने पुन्हा कोरलं, पार आरपार. फळीला भोक पडलं, खालचं टेबल दिसायला लागलं. पुन्हा कागद ठेवला.

शेजारचा मिक्सर थांबला. रस्त्यावरचे हॉर्न थांबले. हीटरची घरघरही नाही.

आणि त्या शांततेत… लांबून कारखान्याचा भोंगा वाजला.

तिने कागद उचलला. बाई होतीच. आणि तिच्या मागे…

दुसरी.

ती फोटोत नव्हती. फळीवर कधी कोरलीच नव्हती.

वल्लरीच्या जागी दुसरी कोणी असती तर फळी फेकून पळाली असती. पण ही आमची हट्टी! तिने तिसरा कागद ठेवला.

तिसरी आली.

"एकच दगावली म्हणे! खोटारडे मेले!" वल्लरीचं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी मानेसर गाठून तिने तिन्ही कागद सुधन्वा सरांसमोर पसरले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे… हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"बाया काढा मॅडम. नाहीतर काम कॅन्सल."

"करा कॅन्सल. माझ्याच्याने त्या निघत नाहीत. आणि निघाल्या असत्या तरी आता काढल्या नसत्या."

परवा मी तिच्याकडे गेले होते. खोलीभर दोऱ्यांवर कागद वाळत होते. शेवटच्या कागदावर मी मोजल्या… सव्वीस बाया. साऱ्या माझ्याकडेच बघत होत्या.

"वल्लरी, बस कर गं. भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण मृणाल, त्या शेवटच्या बाईच्या खांद्यावर बघ."

खांद्यावर हात होता. मागून कोणीतरी ठेवलेला.

वल्लरीने नवा कागद काढला. "चल, तिकडचं टोक धर."

 मी धरलं.