दीड वेढा

मास्तरांनी अ‍ॅम्प्लिफायर काउंटरवर ठेवला तेव्हाच मी त्यांना बजावलं होतं, की नव्या खोक्यातून जुना आवाज काढून देण्याची हमी मी देत नाही. प्रयत्न करीन. मास्तर गिटारच्या शिकवण्या घेतात. साठी उलटली तरी केस मानेवर रुळतात आणि हमी वगैरे शब्दांचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. त्यांनी पिशवीतून एक कॅसेट काढली. तरुणपणी त्यांचा रॉक बँड होता, त्याची ही एकुलती एक कॅसेट.

"हा आवाज पाहिजे," ते म्हणाले. "याच्यासारखा नको. हाच."

मी ऐकली. गिटारचा सूर आधी गोल निघायचा आणि जोर वाढला की कडेने फाटायचा, जाड कापड फाटावं तसा. मधला भाग मात्र शाबूत. तो अ‍ॅम्प्लिफायर बँड मोडला तेव्हाच कुणीतरी विकून टाकला होता. आता मास्तरांनी त्याच धाटणीचा, पण गेल्या वर्षी बनलेला घेतला होता. काचेच्या व्हॉल्ववर चालणारा, आतल्या सगळ्या तारा हाताने जोडलेल्या. असल्या खोक्यात बदल करणं सोपं जातं. मी पंधरा दिवसांचा वायदा केला.

दुकान आमचं दोघा भावांचं. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, त्यानेच मला सोल्डरिंग आयर्न हातात धरायला शिकवलं. वरच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. लग्न दोघांनीही केलं नाही, त्यामुळे भांडायला एकमेकांशिवाय कुणी नाही.

दोन वर्षांपूर्वी दादाला विजेचा झटका बसला. व्हॉल्वच्या अ‍ॅम्प्लिफायरची केबल काढली तरी आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साडेचारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. ते आधी रिकामे करावे लागतात. हे मला घोकून घोकून शिकवणारा दादा, आणि त्या दिवशी तोच विसरला. अकरा दिवस हॉस्पिटलात होता. उजवा हात तेव्हापासून थरथरतो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की असा दुसरा झटका याचं हृदय सोसणार नाही. त्या दिवसापासून आयर्न माझ्याकडे आणि काउंटर दादाकडे. त्याला ते आवडलं नाही. मला दादा हवा होता, म्हणून त्याच्या आवडीनिवडीकडे मी काणाडोळा केला.

आमच्या धंद्यात सांधा ही माणसाची सही असते. दादा तारेचा पाय टर्मिनलला दीड वेढा देतो, पकडीने दाबतो आणि मगच सोल्डर सोडतो. तो सांधा शंभर वर्षं हलणार नाही. मीही पूर्वी तसंच करायचो. पुढे कामं वाढली आणि मी अर्ध्या वेढ्यावर आलो. दादाने त्यावरून मला अनेकदा आळशी ठरवलंय. माझी स्वतःची एक सवय म्हणजे तपासून झालेल्या सांध्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका देणं. बाटली माझ्या शर्टाच्या खिशात असते. पहिल्यांदा ती घ्यायला गेलो तेव्हा दुकानदारीण फार प्रेमाने हसली होती. दुसरी सवय आम्हा दोघांचीही: अ‍ॅम्प्लिफायर उघडला की त्याची केबल काढून स्वतःच्या खिशात. म्हणजे आत हात असताना कुणी चालू करू शकत नाही.

सोमवारी मी पहिल्या व्हॉल्वखालचा रेझिस्टर बदलला. दीड हजार ओहमचा घातला, ठिपका दिला, कॅपॅसिटर रिकामे केले आणि काम तसंच टेबलावर झाकून ठेवलं. मंगळवारी सकाळी मोजलं तर मीटर सत्तावीसशे दाखवत होता.

मी मीटर बदलला. सत्तावीसशेच.

मग भिंग लावून पाहिलं. माझ्या नव्या निळ्या रेझिस्टरच्या जागी जुना तपकिरी होता. असले दादाच्या डब्यात असतात. तारेला दीड वेढा होता. आणि सांध्यावर लाल ठिपका.

मी अ‍ॅम्प्लिफायर चालू केला, दुकानातल्या गिटारची तार छेडली आणि मग कॅसेट लावली. आवाज जवळ आला होता. माझ्या हिशेबापेक्षा दादाचा हिशेब बरोबर निघाला, हे मला झोंबलं. पण त्याहून जास्त घाबरवलं मला त्याचा थरथरता हात त्या तारांमध्ये गेला असणार या विचाराने.

"दादा, डब्याला हात लावलास का?"

"कुठल्या?"

"जुन्या पार्टच्या."

"महिन्याभरात नाही," दादा म्हणाला आणि पेपर वाचायला लागला. तोंडावर रेषसुद्धा हलली नाही. ताकास तूर लागू द्यायची नाही, हा त्याचा जुना स्वभाव.

बुधवारी मास्तर गिटारच्या तारांचा नवा संच घेऊन आले. म्हणाले, "तुम्ही फोनवर सांगितलंत तशा जाड आणल्यात."

मी फोन केला नव्हता.

"मी?"

"काल दुपारी. दुकानाच्या नंबरवरून. अहो, आवाज ओळखतो की मी तुमचा."

दादाचा आणि माझा आवाज फोनवर सारखा येतो, लोक नेहमी फसतात. काल दुपारी मी पोस्टात गेलो होतो. मी दादाकडे पाहिलं. तो मास्तरांसाठी खुर्ची पुसत होता. माझ्या नावाने गिऱ्हाइकाला फोन करण्यापर्यंत याची मजल गेली, आणि वर हा साळसूदपणा. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते माझ्याच घरात.

त्या दिवसापासून मी डोळ्यात तेल घालून राहायला लागलो. अ‍ॅम्प्लिफायर लोखंडी कपाटात ठेवला. किल्ली एकच, ती माझ्या कमरेला. आयर्नची वायर काढून वर माझ्या उशाशी. दादा हे सगळं बघत होता. एकदा फक्त म्हणाला, "छोट्या, मला कुलूप लावतोयस का रे?" मी म्हटलं, गिऱ्हाइकाचा माल आहे. खोटं बोलताना मी नेहमी गिऱ्हाइकाला पुढे करतो.

शुक्रवारी सकाळी कपाट उघडलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या व्हॉल्वच्या मधला कॅपॅसिटर बदललेला होता. दोन्ही टोकांना दीड वेढा, दोन्हींवर ठिपका. खिशातून बाटली काढून पाहिली. मी आदल्या दिवशी पॉलिशच्या पातळीवर पेनने रेघ मारली होती. पॉलिश रेघेच्या खाली गेलं होतं.

मी दादाला आत बोलावलं आणि त्याच्यासमोर भिंग धरलं.

"हे काय आहे?"

दादा वाकला. बराच वेळ बघत राहिला. हात थरथरत होता म्हणून त्याने तो दुसऱ्या हाताने धरला होता.

"सुंदर काम आहे," तो म्हणाला.

"ते मला कळतं. कुणाचं?"

"तुझं."

"दादा, मी अर्ध्या वेढ्यावर जोडतो. तू मला रोज ऐकवतोस."

"आता जोडतोस. विशीत असा जोडायचास. वेढा संपला की टोक जरा वर उचललेलं, ही तुझी खोड होती. मी कितीदा ओरडलोय. माझं टोक कधी वर नसतं." त्याने मान वर केली. "मी माझं काम ओळखतो, छोट्या. तुझंही ओळखतो. हे तुझंच आहे."

मला त्या क्षणी त्याचं बोलणं म्हणजे शुद्ध चलाखी वाटली. आपली चोरी माझ्याच गळ्यात घालतोय. मी खूप बोललो. किल्ली कशी काढलीस म्हणून विचारलं. माझ्या आवाजात फोन करतोस, म्हणालो. तुझ्या मेलेल्या हाताने तू एक दिवस स्वतः मरशील आणि मला पोलिसांना उत्तरं द्यायला लावशील, असंही म्हणालो. मेलेला हात, हेच शब्द. ते उच्चारल्यावर मला स्वतःची लाज वाटली, पण मी थांबलो नाही. म्हटलं, हे काम संपेपर्यंत ताईकडे जाऊन राहा.

ताई आमची मधली बहीण. बसने दोन तासांवर राहते.

दादाने वाद घातला नाही. वर जाऊन बॅग भरली. दारात थांबून म्हणाला, "मी गेल्यावरही हे झालं तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"बघशील ना पण?" तो म्हणाला आणि गेला.

शनिवार, रविवार काही झालं नाही. कपाट उघडायचो, मोजायचो, सगळं होतं तसं. मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी वाईटही वाटलं, कारण गुन्हेगार दादाच ठरला होता. रविवारी संध्याकाळी मी सगळ्या तारा शेवटच्या एकदा तपासल्या आणि दुकान लवकर बंद करून वर गेलो.

सोमवारी सकाळी दहाला खाली आलो. शटरचं कुलूप माझ्याच हाताने उघडलं. कपाटाचंही.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडून मागे येणारी तार एका टर्मिनलवरून काढून शेजारच्या टर्मिनलवर जोडलेली होती.

दीड वेढा. टोक जरा वर उचललेलं. ठिपका.

मी कॅपॅसिटर मोजले. रिकामे होते. कुणीतरी माझ्यासारखीच काळजी घेतली होती.

ठिपक्याला बोट लावलं. बोटाला लाल लागलं.

सांधा गरम होता.

आयर्नची वायर वर, माझ्या उशाशी. अ‍ॅम्प्लिफायरची केबल माझ्या खिशात. मी दोनदा चाचपून पाहिली.

किती वेळ स्टुलावर बसून होतो कोण जाणे. भीती वाटली हे खरंच, पण तिच्याही आधी दादा आठवला. बॅग उचलताना त्याला पट्टा धरता येत नव्हता आणि मी पुढे झालो नव्हतो.

साडेअकराला मास्तर आले. मी त्यांना बोलावलं नव्हतं.

"काल संध्याकाळी तुमचा फोन आला आणि मला बसवेना," ते म्हणाले. "शेवटची तार तेवढी जोडतो, सकाळी तयार असेल, म्हणालात."

"दुकानाच्या नंबरवरून?"

"मग कुठून?"

काल संध्याकाळी दुकान बंद होतं. त्यांनी गिटार जोडली आणि एकच सूर वाजवला, मग तीन. मी कॅसेट लावायची गरज उरली नव्हती. गोल निघालेला सूर कडेने फाटला आणि मधला शाबूत राहिला. मास्तरांनी डोळे मिटले होते आणि त्यांचे गाल ओले झाले होते.

"नक्कल वाटतच नाही हो," ते म्हणाले. "तोच आहे हा."

ते अ‍ॅम्प्लिफायर रिक्षात घालून घेऊन गेले. मी त्यांच्याकडून बाकीचे पैसे घ्यायचेही विसरलो. ती ब्याद दुकानातून गेली याचंच समाधान इतकं होतं, की शटर अर्धं ओढून मी टेबल स्वच्छ पुसलं.

पुसता पुसता दादाला काय म्हणायचं ते ठरवत होतो. माफी मागायची मला सवय नाही. पन्नास वर्षांत त्याची एकदाही मागितली नव्हती. तोंडातल्या तोंडात चार-पाच वाक्यं करून पाहिली, ती खोटी वाटली. शेवटी एक जमलं. दादा, तुझ्या हातावर मी विश्वास ठेवला नाही, तो हात धरून मी लिहायला शिकलो. हे मी कुणापुढे मोठ्याने म्हटलं नाही. मनात दोनदा म्हणून पाहिलं, डोळे पुसले आणि ताईला फोन लावला.

"ताई, दादाला पाठव. नको, मीच येतो न्यायला. दीडची बस मिळेल."

ताई हसली.

"काय रे, थट्टा करतोस का?"

"थट्टा कसली?"

"सकाळी तर घेऊन गेलास त्याला. नऊच्या सुमाराला. रिक्षातून उतरलासुद्धा नाहीस, चहा घे म्हटलं तर हात हलवलास नुसता. बस चुकेल म्हणालास."

मी टेबलाची कड धरली.

"दादा गेला?"

"जाईल नाही तर काय! तीन दिवस जेवला नव्हता नीट. तू खालून काहीतरी बोललास त्याला, तर तो बॅग घ्यायला धावत वर आला. रडत होता रे. मला म्हणाला, छोट्याने माझी माफी मागितली. म्हणाला, तुझा हात धरून मी लिहायला शिकलो, असं म्हणाला छोट्या." ताई म्हणाली. "चांगलं केलंस हो. फार चांगलं केलंस."

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. ताईकडून आमच्याकडे यायला दोन तास लागतात.

"आणि त्याचा हात बघितलास का?" ताई म्हणाली. "तू धरलास आणि थरथरायचाच थांबला. मी खिडकीतून बघत होते. बरं, दे ना जरा त्याला फोन. पोहोचलात ना दोघं?"