भिंतीवरचा निळा वाडगा

मला पगारच दोष शोधण्याचा मिळतो, इथे परदेशात, लिक्सलिप गावच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात. त्यामुळे शेजारच्या नूलाबाईंनी भिंतीवर ठेवलेला ब्राउन ब्रेड माझी बायको यामिनी कौतुकाने कापत होती, तेव्हा मी तो ज्या वाडग्यातून आला तो उलटा करून बघत होतो.

२०२१ चा मार्च. लॉकडाऊनमुळे कुणी कुणाच्या घरात जात नव्हतं. देणंघेणं दोन बागांमधल्या बुटक्या भिंतीवर. वाडगा गडद निळा, आत काळ्या रेघांनी काढलेला मासा, त्याच्या तोंडात कमळाचा देठ. माती नव्हतीच. गारगोटीची पूड भाजलेली, तांब्याने निळी झालेली. इंटरनेटवर तसेच वाडगे दिसले, इजिप्तच्या थडग्यांतून काढलेले. मेलेल्यांसाठी ठेवायचे.

"नक्कल असेल रे. तू ना, देवावरसुद्धा संशय घेशील," यामिनी म्हणाली.

तिला सातवा महिना होता. आधी दोनदा गर्भ टिकला नव्हता. मी तिच्याशी वाद घालत नसे.

"भांडं रिकामं कसं पाठवायचं?" म्हणून तिने त्यात शिरा घातला. दुसऱ्या दिवशी वाडगा भिंतीवर, आमच्या बाजूला, लख्ख धुतलेला. मग पोहे गेले, लाडू गेले. वाडगा रोज परत यायचा. एकट्या म्हातारीला एवढं जातं कसं, हे मला पटेना. शिवाय त्याला साबणाचा वास नसे. तापलेल्या वाळूचा असे, बाहेर पाऊस पडत असतानाही.

शनिवारी नूलाबाई गुलाब छाटताना दिसल्या. मी विचारलं, "शिरा आवडला का?"

"कसला शिरा, लव्ह?" त्या सगळ्यांनाच लव्ह म्हणत.

"निळ्या वाडग्यातला."

"तो तुमचाच ना? माझ्या पायरीवर सापडला. रिकामा कसा द्यायचा, म्हणून ब्रेड घातला. नंतर मला दिसलाच नाही."

मी घाईने घरात आलो. यामिनी स्वयंपाकघरात बसली होती.

"आज वाडग्यात काय घातलंस?"

"काहीच नाही. किराण्याची डिलिव्हरी आली नाही, साखरसुद्धा संपलीय. मग भिंतीशी उभी राहून इंग्लिशमध्ये सांगितलं, आज रिकामाच घ्या, आता घरात जे नवीन येईल ते तुमचं."

"कुणाला सांगितलंस?"

"नूलाला. पलीकडून 'बरं' म्हणाली की." यामिनी थांबली. "मराठीत म्हणाली."

मला भीती वाटली. तिला सांगावं की नाही, कळेना.

तेवढ्यात तिने टेबल घट्ट धरलं. खुर्चीखाली पाणी पसरत होतं.

मी अँब्युलन्सला फोन केला. दार उघडून ठेवायला गेलो.

वाडगा उंबरठ्याच्या आत होता. रिकामा.

मी दाराजवळचं प्रेस, म्हणजे इथलं कपाट, उघडलं. हाताला लागली ती तूरडाळ मुठीने वाडग्यात घातली. "हे घ्या," मी मोठ्याने म्हणालो. "हे नवीन आहे."

यामिनीने हाक मारली. मी आत वळून पुन्हा मागे पाहिलं.

डाळ फरशीवर, वाडग्याशेजारी, नीट ढीग करून काढून ठेवलेली होती.