एक बॉल पुढचा रेडिओ

जामच्या चौरस्त्यावर बस थांबली आणि उडालेली धूळ खाली बसायच्या आत एक तरुण भैय्याजींच्या हार्डवेअरच्या दुकानापुढे येऊन उभा राहिला. घ्यायचं त्याला काहीच नव्हतं. आत टीव्हीवर मॅच चालू होती, एवढंच कारण. भैय्याजींच्या मुलीला, आचलला, असली गिऱ्हाइकं नवी नव्हती. वनडेच्या दिवशी दुकानात नळाच्या तोट्या कमी खपायच्या, फुकटचे सल्लेच जास्त मिळायचे.

“स्कोअर काय झाला?”

“एकशे चार. एकच गेला.” ती फवारणी पंपाचे वायसर निवडत होती, मान वर न करताच बोलली. “बॉलिंग आपली आहे. म्हंजे नावालेच आहे.”

“काऊन? चार फास्ट बॉलर खेळवून राह्यले ना! टीम तं बरोबर निवडली.”

आता मात्र तिची मान वर झाली. ‘बरोबर’ म्हणणारा माणूस दिसायला बरा होता. आकाशी शर्ट, नुकतीच केलेली इस्त्री, जाड भुवया... आणि अत्तराचा अगदी हलका वास. पण चुकीचं ते चुकीचं!

“काय बरोबर? नागपूरच्या पिचवर एकाच फिरकीवाल्याच्या भरवशावर मॅच काढते का कोणी?”

“संध्याकाळी दव पडते. ओला बॉल फिरकीवाल्याच्या हातात राह्यते का?”

“संध्याकाळी ना? आता ऊन पाहा बाहेर. आपली बॉलिंग आता आहे.”

“टॉस काय आपल्या हातात असते?”

“नसते, म्हणूनच तं दोघं ठेवा लागते. टॉस हारलं तरी निभते मंग.”

तो हसला. हसताना त्याच्या भुवयाही हसल्या, हे तिनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

“तुमी कॅप्टन असत्या तं?”

“तं पहिले तुमाले टीमच्या बाहेर बसवलं असतं.”

आता कोपऱ्यात सिमेंटच्या पोत्यावर बसलेल्या नत्थूजींबद्दल सांगायला हवं. नत्थूजी सकाळी एका वायसरसाठी आले होते आणि मॅच संपल्याशिवाय उठणार नव्हते. शेजारचे शेतकरी, भैय्याजींचे जुने स्नेही. त्यांना ऐकू कमी यायचं आणि ‘जागे’वर त्यांचा फार विश्वास. विकेट पडली त्या वेळी जो जसा बसला असेल, त्यानं तसंच बसायचं. मागच्या मॅचला त्यांनी भैय्याजींना सहा ओव्हर एका पायावर उभं ठेवलं होतं.

दुकानाला लागूनच पानठेला होता आणि पानठेल्यावर रेडिओ. दुकानातला टीव्ही मोबाइलच्या नेटवर चालायचा, त्यामुळे रेडिओ बरोबर एक बॉल पुढे असे. तिकडे ओरडा झाला तरी इकडे बॉलर अजून चेंडू पँटीला घासतच असायचा. आचलचं सगळं थ्रिल त्या रेडिओनं घालवलं होतं. नत्थूजींना मात्र त्याचा पत्ताच नव्हता, रेडिओचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नसे.

तेवढ्यात पानठेल्यावर एकच गलका झाला. आचलला काय सुचलं कोण जाणे! तिनं पेंटचा रिकामा डबा पालथा घातला आणि काउंटरजवळ सरकवला.

“उभे काऊन? बसा ना.”

तो बसला. पडद्यावर बॉलर धावत आला आणि स्टंप उडाला.

“अरे वा रे बापू!” नत्थूजी ओरडले. “पायगुण आहे तुह्या बसण्यात! आता हलजो नको.”

पण तो पाच मिनिटांनी उठलाच. समुद्रपूरची जीप लागली का, ते बघायला. पानठेल्यावरून “अरेरे” ऐकू आलं. आचलनं त्याला उभंच राहू दिलं. पडद्यावर चौकार गेला आणि नत्थूजी त्याच्यावर असे ओरडले, जणू तो चेंडू यानंच टाकला होता. पुढचा गलका झाला तेव्हा ती पुन्हा म्हणाली, “बसा.” तिसरी विकेट पडली.

एकूण तीनदा झालं हे. मधल्या वेळात कळलं, की त्याचं नाव धनंजय, घर नाचणगावला, नोकरी बुटीबोरीच्या कंपनीत. त्याला कळलं, की तिचे वडील भैय्याजी माल आणायला गेलेत, ती बी.कॉम. झाली आहे आणि शाळेत मुलांसोबत खेळताना ऑफस्पिन टाकायची. त्यानं तिच्या डब्यातले शेंगदाणे अर्ध्याहून जास्त संपवले. चार फास्ट बॉलरची बाजू काही सोडली नाही. ती भांडत होती आणि भांडताना इतकं बरं वाटत होतं... की गिऱ्हाइकाला तिनं अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंचाची तोटी दिली.

चार वाजले असतील. त्याचा फोन वाजला.

“हो मामा... जामलेच आहे. येतो ना. पोरगी सहा वाजता दाखवणार आहे ना? मंग!”

आचलच्या हातातलं वायसर खाली पडलं. ते घरंगळत पार नत्थूजींच्या पोत्यापर्यंत गेलं.

तर अत्तर यासाठी होतं. इस्त्री यासाठी. समुद्रपुरात कुणीतरी मुलगी आज नवी साडी काढून ठेवत असेल, तिची आई पोह्यांची तयारी करत असेल आणि आपण इथं या माणसाला लबाडीनं डब्यावर बसवून ठेवलंय! तिला स्वतःची लाज वाटली. आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. हा आता जाणार... दीड तासात एवढं वाईट वाटावं, याचंच तिला आश्चर्य वाटलं.

तो उठला, तसे नत्थूजी गरजले, “बस बापू! तिकडे तो बॅट्समन सेट झाला!”

“जाऊ द्या त्यांले, काका.” मग ती धनंजयकडे वळली, खालच्या आवाजात भराभर बोलली. “तुमच्या बसण्यात काई नाई. तो रेडिओ एक बॉल समोर आहे. तिकडे विकेट पडली का मी तुमाले बसा म्हणत होती. माहीच लबाडी आहे सारी. जा तुमी... उशीर होईल.”

धनंजय हलला नाही.

“मले माईत आहे,” तो म्हणाला.

“काय?”

“रेडिओचं. मले काय आयकू येत नाई का?”

“मंग... घडीघडी उठत काऊन होते?”

“तुमी पुन्हा बसा म्हणान म्हणून.”

आचलचे कान तापले. काउंटरवरचे वायसर तिनं उगाच एका ओळीत लावले, मोडले, पुन्हा लावले. त्यानं फोन लावला आणि मुद्दाम तिथंच उभा राहून बोलला.

“मामा, त्या लोकांले आत्ताच फोन करून सांगा. माहा नकार आहे म्हणा, पोरीले उगाच तयार होऊ देऊ नका. माफी मी सोता येऊन मागतो... नाई, तब्येत बरी आहे. मले पोरगी पसंत पडली... समुद्रपूरची कुठून? तिले पाहिलं कोठं मी! जामची.” तो थांबला. आचलकडे पाहिलं आणि आवाज एकदम मऊ झाला. “तिले अजून विचारलं नाई, मामा. विचारून राह्यलो.”

फोन खिशात गेला. नत्थूजींनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं, “काय म्हणते मामा? स्कोअर विचारते का?”

धनंजयनं पोत्याजवळ पडलेलं वायसर उचलून काउंटरवर ठेवलं.

“भैय्याजी किती वाजता येते?” धनंजयनं विचारलं.

“पाच.”

“थांबू का मंग... का बाहेर बसवता टीमच्या?”

आचलनं नजर पडद्याकडे वळवली. टीव्हीवर तो एकुलता एक फिरकीवाला चेंडू हातात खेळवत आपल्या जागेकडे परत चालला होता.

तेवढ्यात पानठेल्यावर गलका झाला. आजवरचा सगळ्यांत मोठा.

दोघांनीही ऐकला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

आचलनं पायानं पेंटचा डबा ओढून घेतला. या वेळी काउंटरच्या बाहेर नाही, आतल्या बाजूला, स्वतःच्या खुर्चीशेजारी.

“बसा,” ती म्हणाली.