टाच उघडी राहिली

तानिएलूचा घोटा मोडला तो फिलोईमुळेच, असं अख्खं गाव म्हणत होतं. किरिकिटीच्या सामन्यात झेल घ्यायला धावताना पठ्ठ्याने वर बघायचं सोडून तिच्याकडे बघितलं... आणि पाय खड्ड्यात!

प्लास्टर निघालं, तेव्हा दवाखान्यात त्या पायाला व्यायाम द्यायचं काम नेमकं तिच्याकडेच आलं.

"नडगी छान जुळलीय. शेजारचं बारीक हाडही. पण सांधा आखडलाय," घोटा चाचपत ती म्हणाली. "वाकव बघू."

"तू हात धरलास की वाकेल..."

"मी पाय धरलाय. गप वाकव!"

तिला हसू आवरेना. आठवड्यामागून आठवडे गेले. घोटा थोडा थोडा सुटत गेला, आणि फिलोईचा जीव मात्र त्यात अडकत गेला.

एके दिवशी तो म्हणाला, "रविवारी येतोय. तुझ्या बाबांकडे, मागणी घालायला."

तिचे हात थांबले. बाबा मताई, घराण्याचे प्रमुख. त्यांच्यासमोर मांडी घालूनच बसायचं. त्यांच्याकडे पायाचा तळवा करणं म्हणजे तोंडावर अपमान.

"अजून मांडी जमत नाही तुला. पाय पसरून वर चटई झाकून घे ना, तसं चालतं..."

"म्हाताऱ्यासारखा? तुला मागायला येतोय मी, फिलोई! लंगडा म्हणून कीव नकोय."

रविवारी चर्चनंतर तो आला आणि दात-ओठ आवळून मांडी घालून बसला. बाबांनी बोलायला सुरुवात केली. पणजोबांची होडी, त्या होडीचं शीड, त्या वर्षीचं वादळ... संपेचना! तानिएलूच्या कपाळावर घाम फुटला. घोटा ठणकू लागला. आणि अखेर पाय सुटला, सरळ पसरला, तळवा थेट बाबांकडे.

"अगं बाई!" आत्या पुटपुटली. बाबा बोलता बोलता थांबले. तानिएलूने शरमेने मान खाली घातली.

फिलोई उठली. स्वतःची बसायची चटई उचलून तिने त्याच्या पायावर घातली आणि त्याच्या शेजारी नुसत्या जमिनीवर बसली.

"बाबा, हा पाय मीच बरा करतेय. अजून वेळ लागेल... आणि—"

"आणि काय?"

"आणि मला हाच हवाय. असाच."

बाबांनी चटईकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"मग नीट ओढ की," ते म्हणाले. "टाच उघडी राहिलीय त्याची."